घोड्यावरून येणारी सुईण : केंटकीतल्या लेस्ली काउंटीचं प्रकरण

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, आग्नेय टोकाच्या डोंगराळ भागात लेस्ली नावाची काउंटी (राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,046 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या ऐसपैस तालुक्याएवढं. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 10,513. मुख्य गाव हायडन. तिथे काही शे माणसं राहतात. नकाशावर बोट ठेवून पुढे जावं अशीच ही जागा. पण बाळंतपणात बायका आणि बाळं का मरतात आणि ती वाचवायला नेमकं काय लागतं, या प्रश्नाचं मी वाचलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर या काउंटीने दिलं आहे. ते उत्तर टिकवायला काय लागतं, हेही इथेच दिसतं, आणि हा भाग जास्त अवघड आहे.

डोंगर, ओढे आणि वाटा

क्ले, हार्लन आणि पेरी या तीन काउंट्यांचे तुकडे जोडून 1878 मध्ये लेस्ली काउंटी झाली. नाव दिलं ते राज्याचे माजी गव्हर्नर प्रेस्टन लेस्ली यांचं. मधून केंटकी नदीचा मिडल फोर्क हा फाटा वाहतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी ओढे येऊन मिळतात. इथला माणूस आपला पत्ता ओढ्यावरूनच सांगायचा. कटशिन हा त्यातला एक ओढा. दुसऱ्या एकाचं नाव हेल-फॉर-सर्टन, म्हणजे 'नक्कीच नरक'. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना पाणी चढल्यावर तिथून पार होणं काय असतं ते ठाऊक असणार.

सपाट जमीन जवळजवळ नाही. उतारावर मका लावायचा, डुकरं-कोंबड्या पाळायच्या, जंगलातले ओंडके पुराच्या पाण्याबरोबर खाली सोडायचे, यावर संसार चालायचा. शेजारच्या पेरी आणि हार्लनमध्ये रेल्वे पोचली आणि तिच्यामागून कोळशाच्या मोठ्या कंपन्या आल्या. लेस्लीत रेल्वे आली नाही. 1925 मध्ये इथे पक्का रस्ताही नव्हता. वाट म्हणजे बहुतेक ठिकाणी ओढ्याचं पात्रच. तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसं इथे राहत होती आणि त्यांच्यासाठी परवानाधारक डॉक्टर एकही नव्हता.

बाळंतपणं गावातल्या सुईणी करायच्या. 1923 मध्ये लेस्ली, नॉट आणि ओव्झ्ली या तीन काउंट्यांत घोड्यावरून फिरून एका बाईने अशा 53 सुईणींना गाठलं आणि त्यांच्याशी बोलून सगळं लिहून घेतलं. बहुतेकजणी साठीच्या आसपासच्या होत्या आणि शिकल्या होत्या त्या बघून-बघून. कळा कमी व्हाव्यात म्हणून खाटेखाली कुऱ्हाड ठेवायची रीत इथल्या डोंगरांत होती. बाळंतिणीच्या बाजेखाली कोयता किंवा विळा ठेवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे काही परकं वाटलं नसतं.

मेरी ब्रेकिनरिज

ती फिरणारी बाई म्हणजे मेरी ब्रेकिनरिज. जन्म 1881 चा. आजोबा जॉन ब्रेकिनरिज देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होते, वडील अमेरिकेच्या संसदेचे सदस्य आणि नंतर रशियातले अमेरिकेचे राजदूत. अशा घरातल्या मुलीने नर्स व्हावं, ही त्या काळी रुचणारी गोष्ट नव्हती. पहिला नवरा 1906 मध्ये आजारपणात गेला. त्यानंतर तिने न्यूयॉर्कला नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि 1910 मध्ये ते पूर्ण केलं. दुसरं लग्न झालं. 1914 मध्ये मुलगा झाला, तो 1918 मध्ये चार वर्षांचा होऊन गेला. मधल्या काळात 1916 मध्ये मुलगी झाली, ती काही तासच जगली. पुढे हे लग्नही मोडलं.

चरित्र सांगायचं म्हणून हे लिहीत नाही. दोन मुलं गमावलेल्या बाईने 'लहान मुलांसाठी काहीतरी करीन' असं ठरवणं स्वाभाविक आहे. मला विशेष वाटतं ते पुढचं: तिने घाई केली नाही. पहिल्या महायुद्धानंतर ती फ्रान्सच्या उद्ध्वस्त भागात मदतकार्याला गेली. तिथे तिने फ्रेंच सुईणी पाहिल्या, इंग्लंडमधून आलेल्या नर्स-सुईणीही पाहिल्या, आणि तिच्या लक्षात आलं की अमेरिकेत हा पेशाच नाही. अमेरिकेत नर्सला बाळंतपण करायची मुभा नव्हती आणि सुईणीला नर्सिंग येत नव्हतं. मग वयाच्या चाळिशीत ती लंडनला जाऊन सुईणपण शिकली. 1924 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर चालणारी सरकारी वैद्यकीय सेवा तिने हिंडून पाहिली. विरळ वस्ती, वाईट वाटा, गरीब लोक आणि तरी घरापर्यंत पोचणारी नर्स, असा तो नमुना होता. तो तिने उचलला.

लेस्ली काउंटीच का? इथे जमलं तर कुठेही जमेल, हा तिचा हिशोब. शिवाय केंटकीत ब्रेकिनरिज या आडनावाला वजन होतं. दारं उघडायला आणि देणग्या मिळवायला ते कामी येणार होतं.

आधी मोजणी

1925 च्या मे महिन्यात माता आणि बालकांसाठीची केंटकी समिती स्थापन झाली. 1928 मध्ये तिचं नाव 'फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस' झालं. हायडनला पहिला दवाखाना 1925 मध्येच सुरू झाला.

पण त्याच वर्षी आणखी एक काम झालं, आणि या प्रकरणात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्कॉटलंडहून बर्ट्रम आयर्लंड या बाईंना बोलावून संपूर्ण काउंटीतल्या जन्म-मृत्यूंची नोंद करून घेतली. कायद्याने नोंदणी होती, पण डोंगरात कागद पोचायचा कुठे? पुरलेल्या बाळाची नोंद फक्त आईच्या आठवणीत असायची. बर्ट्रम आयर्लंड घरोघर गेल्या, विचारलं, मोजलं. काम सुरू होण्याआधी काय स्थिती होती हे ठाऊक नसेल तर काम झाल्यावर काय बदललं ते कुणालाच दाखवता येत नाही. हे मेरी ब्रेकिनरिजला 1925 मध्ये कळलं होतं. आजही कित्येक आरोग्य-योजना आधी उद्घाटन करतात आणि पाच वर्षांनी आकडे शोधत बसतात.

व्यवस्था कशी चालायची

हायडनपासून काही मैलांवर वेंडोव्हर इथे लाकडी ओंडक्यांचं मोठं घर बांधलं, ते मुख्यालय. 1926 मध्ये बीच फोर्कला पहिलं उपकेंद्र उघडलं आणि मग एकेक करत आणखी: पॉसम बेंड, रेड बर्ड, फ्लॅट क्रीक, ब्रूटस, बोलिंगटाउन. प्रत्येक केंद्राभोवती साधारण पाच मैलांचा टापू आणि बहुधा दोन नर्सा. घोड्यावरून निघालं की टापूतल्या कुठल्याही घरी तासाभरात पोचता यावं, असा हिशोब. असं जोडत जोडत सेवेखालचं क्षेत्र सातशे चौरस मैलांवर गेलं, म्हणजे लेस्लीच्या हद्दीच्या बरंच बाहेर.

नर्सच्या खोगिराला दोन्ही अंगांना पिशव्या. एक जोडी रोजच्या फेरीची, दुसरी बाळंतपणाची. बाळंतपणाच्या जोडीचं वजन चाळीस पौंडांच्या आसपास, कारण बाळंतपणाला लागणारं सगळं सामान नर्सनेच न्यायचं. ज्या घरी जायचं त्या घरात कदाचित स्वच्छ फडकंही नसेल. दिवस राहिल्याचं कळलं की बाईचं नाव नोंदवायचं. सातव्या महिन्यापर्यंत पंधरा दिवसांनी, पुढे दर आठवड्याला तपासणी. बाळंतपण घरीच. त्यानंतर दहा दिवस रोज फेरी. आणि नर्स घरी आली की फक्त पोटुशी बाई बघायची नाही. आजीचा खोकला, नवऱ्याच्या पायाची जखम, पोरांच्या पोटातले जंत, विहीर कुठे आणि संडास कुठे, हेही बघायचं. विषमज्वर आणि घटसर्पाच्या लशी टोचायच्या. मुळात सेवा आखली होती आई आणि बाळासाठी, पण घरात शिरायचं तर घरातल्या सगळ्यांचं व्हायला हवं, हे लवकरच लक्षात आलं.

डॉक्टर नसताना नर्सने काय करायचं? लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांची एक सल्लागार समिती होती. तिने एक छोटं नियमपुस्तक करून दिलं: अमुक लक्षण दिसलं तर तमुक औषध, इतका डोस, आणि इथून पुढे मात्र डॉक्टरला बोलवा. पुस्तकात आहे ते नर्सने स्वतःच्या अधिकारात करायचं. नर्सचा हात कुठवर चालेल याची मर्यादा आधीच लिहून ठेवल्याने रात्री दोन वाजता ओढ्याकाठच्या खोपटात ती गांगरायची नाही आणि डॉक्टरांनाही आपलं कोणी हिरावून घेतंय असं वाटायचं नाही. या पुस्तकाबद्दल फार कमी बोललं जातं. घोड्यावरच्या नर्सचा फोटो सगळे छापतात. मला ते पुस्तकच त्या सेवेचा कणा वाटतं.

अडलेल्या बाईला हायडनला आणायचं. 1928 मध्ये तिथे छोटं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच्या उद्घाटनाला स्कॉटलंडहून सर लेस्ली मॅकेन्झी आले, ज्या सेवेचा नमुना उचलला होता तिच्या उभारणीतले ते एक. त्याहून गंभीर रुग्णाला माणसांच्या खांद्यावरून शेजारच्या पेरी काउंटीतल्या हॅझर्ड गावच्या रेल्वेपर्यंत न्यायचं आणि तिथून लेक्सिंग्टन, लुइव्हिल किंवा सिनसिनाटी.

फी होती. बाळंतपणाचे पाच डॉलर, आणि घरातल्या सगळ्यांच्या वर्षभराच्या सेवेसाठी एक डॉलर. रोख नसेल तर कोंबडी, अंडी, घोड्यांना वैरण, कुंपणाचं काम, काहीही चालायचं. डोंगरातली माणसं फुकट घ्यायला तयार नसत आणि सेवेनेही त्यांचा तो मान राखला. प्रत्येक केंद्राला स्थानिक लोकांची समिती होती आणि इमारतींना लाकूड आणि मजुरी गावकऱ्यांनी दिली.

नर्सांबद्दल सांगायचा तिथे प्रघात होता की बाप नर्सपर्यंत पोचू शकला तर नर्स आईपर्यंत पोचेलच. बर्फ असो, पूर असो.

निकाल

1932 मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी पहिल्या हजार बाळंतपणांची नोंद तपासली. बाळंतपणाशी थेट संबंध असलेल्या कारणाने त्यात एकही आई दगावली नव्हती. त्या काळात अमेरिकेत दर दहा हजार जिवंत जन्मांमागे साठ-सत्तर आया मरत होत्या. डब्लिन यांनी लिहिलं की अशी सेवा देशभर मिळाली तर वर्षाला दहा हजार आया वाचतील. हे त्यांनी म्हटलं ते रस्ता, वीज, डॉक्टर नसलेल्या, देशातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एका भागाकडे बोट दाखवून.

हे कसं झालं? उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, पण एक धागा ठळक आहे. त्या काळच्या बाळंत-मृत्यूंमधलं मोठं कारण जंतुसंसर्ग होतं आणि शहरातल्या रुग्णालयांत गरज नसताना बाळ ओढून काढायला चिमटे लावणं, घाई करणं, एका बाईकडून दुसरीकडे हात न धुता जाणं, यातून तो पसरायचा. 1933 मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीने त्या शहरातले बाळंत-मृत्यू तपासले तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश टाळता आले असते असं निघालं. लेस्लीतली नर्स-सुईण निसर्गाला वेळ द्यायची, हात निर्जंतुक ठेवायची आणि रक्तदाब, सूज, लघवीतली प्रथिनं आधीपासून बघत आल्यामुळे धोका कुठे आहे हे तिला बाळंतपणाच्या रात्रीपूर्वीच कळलेलं असायचं. पाच मैलांत असणं हे त्यातलं निम्मं औषध. उरलेलं निम्मं म्हणजे ती शिकलेली होती.

तडे

ही सेवा काउंटीची नव्हती. काउंटीच्या तिजोरीत तेवढा पैसा कधीच नव्हता. पैसा यायचा बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो, लुइव्हिलच्या श्रीमंत घरांतून आणि तो आणायला मेरी ब्रेकिनरिजला वर्षातले कितीतरी आठवडे भाषणं देत फिरावं लागायचं. श्रीमंत घरांतल्या मुली 'कुरियर' म्हणून काही महिने येऊन घोड्यांची देखभाल करायच्या आणि परत गेल्यावर आपल्या ओळखीत देणग्या उभ्या करायच्या. 1929 नंतर मंदी आली आणि देणग्या आटल्या, तेव्हा नर्सा पगाराशिवाय राबल्या. 1931 मध्ये मेरी ब्रेकिनरिज स्वतः घोड्यावरून पडून पाठीचा मणका मोडून बसली, तरी पत्रं लिहीत राहिली. एका बाईच्या आडनावावर आणि पत्रांवर चाळीस वर्षं चाललेली ही सेवा. ताकद तीच आणि तडाही तोच.

देणग्या मिळवताना जे चित्र रंगवलं गेलं, तेही स्वच्छ नव्हतं. इथले लोक 'शुद्ध अँग्लो-सॅक्सन वंशाचे' म्हणून मदतीला पात्र, असा सूर तिच्या आवाहनांत होता. कृष्णवर्णीयांबद्दलचे तिच्या वर्गाचे पूर्वग्रह तिने सोडले नाहीत. ज्या दक्षिणेत कृष्णवर्णीय आया गोऱ्या आयांपेक्षा कितीतरी जास्त मरत होत्या, तिथे या वंशाच्या भाषेने कुणाला बाहेर ठेवलं असेल, हा विचार टाळून या कामाचं कौतुक करणं मला जमत नाही. शिवाय गावातल्या त्या 53 सुईणींना सोबत घेऊन शिकवण्याऐवजी त्यांची जागा बाहेरून आलेल्या शिकलेल्या नर्सांनी घेतली. त्यातून आया वाचल्या, हे खरं. पण सुईणपण हे काम लेस्लीच्या बायकांच्या हातून गेलं, हेही खरं.

सुरुवातीच्या नर्सांतल्या बऱ्याच ब्रिटिश, किंवा ब्रिटनमध्ये सुईणपण शिकून आलेल्या. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश नर्सा मायदेशी परतू लागल्या. सेवा बंद पडायची वेळ आली. तेव्हा हायडनलाच सुईणपणाची शाळा काढली. पहिल्या तुकडीत दोन विद्यार्थिनी. नाइलाजातून निघालेली ही शाळा पुढे मूळ सेवेपेक्षाही मोठी झाली.

1965 नंतर

1965 हे वर्ष इथे फार भरगच्च आहे. मार्चमध्ये अपालाचियाच्या, म्हणजे लेस्ली ज्यात येते त्या डोंगराळ पट्ट्याच्या, विकासाचा कायदा झाला. 16 मे रोजी मेरी ब्रेकिनरिज वेंडोव्हरला वारल्या. 30 जुलैला वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

आता सरकारचा पैसा येणार होता. पण तो येणार होता डॉक्टरच्या आणि रुग्णालयाच्या बिलावर. घरी जाऊन तपासणाऱ्या नर्सच्या फेरीचं बिल कुठल्या रकान्यात भरायचं? ग्रामीण दवाखान्यांतल्या नर्स-प्रॅक्टिशनरच्या (रुग्ण तपासून उपचार करायचं जादा शिक्षण घेतलेल्या नर्सच्या) कामाला पैसे देणारा केंद्राचा कायदा व्हायला 1977 उजाडलं. मधल्या काळात ज्याचे पैसे मिळतात ते वाढलं, ज्याचे मिळत नाहीत ते आक्रसलं. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. बिलाचा कागदच तसा होता.

काउंटीही बदलत होती. मिडल फोर्कवर 1960 मध्येच बकहॉर्नचं धरण झालं होतं आणि शेजारच्या पेरी काउंटीतली बोलिंगटाउनची वस्ती, तिथल्या नर्सिंग केंद्रासह, पाण्याखाली गेली होती. घोड्यांच्या जागी जीप आल्या. ट्रकने कोळसा नेणाऱ्या लहान खाणी वाढल्या. 30 डिसेंबर 1970 रोजी हायडनजवळच्या हरिकेन क्रीक खाणीत स्फोट होऊन 38 कामगार मेले. खाण-सुरक्षेच्या नव्या केंद्रीय कायद्यावर सही झाली त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. खाणीतून जिवंत निघालेल्यांनाही धुळीने सोडलं नाही. 2018 मध्ये छापलेल्या सरकारी संशोधनात मध्य अपालाचियात पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या दर पाच खाणकामगारांपैकी एकाला काळ्या फुप्फुसाचा आजार दिसला. हा आजार सुईणीच्या पिशवीतला नव्हे.

1970 मध्ये हायडनच्या शाळेने कुटुंबाची सगळी देखभाल करणाऱ्या नर्स-प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सुरू केला, देशातल्या पहिल्यांपैकी एक. 1975 मध्ये डोंगरावरच्या जुन्या रुग्णालयाच्या जागी 40 खाटांचं मेरी ब्रेकिनरिज रुग्णालय आलं. 1989 पासून शाळा दूरशिक्षणाकडे वळली: विद्यार्थिनीने आपल्याच गावी राहून शिकायचं आणि तिथेच प्रत्यक्ष काम करायचं. आज ती फ्रंटियर नर्सिंग विद्यापीठ म्हणून देशभर नावाजलेली आहे.

2011 मध्ये रुग्णालय अपालाचियन रीजनल हेल्थकेअर या संस्थेकडे गेलं. या संस्थेचीही एक गोष्ट आहे. 1950 च्या दशकात खाणकामगारांच्या युनियनच्या कल्याणनिधीने या डोंगरांत दहा रुग्णालयं बांधली. निधी आटल्यावर ती बंद पडायच्या बेतात असताना 1960 च्या दशकात ती चालवायला ही ना-नफा संस्था उभी राहिली. म्हणजे देणगीदारांनी उभारलेलं रुग्णालय आज कामगारांनी उभारलेल्या रुग्णालयांच्या साखळीत आहे.

आणि विद्यापीठ? त्याने आपला परिसर लेक्सिंग्टनजवळच्या व्हर्सेल्स गावी नेला. विमानतळ जवळ, हॉटेलं जवळ, देशभरातून येणाऱ्यांना सोयीचं. निर्णय समजण्यासारखा आहे. पण शाळा निघताना काउंटीतून शिकलेल्या माणसांचे पगार, घरभाडी, खाणावळी आणि तरुण मंडळी जातात, हेही त्यासोबत लिहायला हवं.

आज हाताशी काय आहे

हायडनचं रुग्णालय 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस' या केंद्रीय वर्गातलं आहे. 1997 च्या कायद्याने हा वर्ग निघाला: जास्तीत जास्त 25 खाटा, रुग्णाला सरासरी 96 तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, चोवीस तास तातडीची सेवा, आणि त्या बदल्यात मेडिकेअर ठरलेल्या दराऐवजी प्रत्यक्ष खर्चाच्या आधाराने पैसे देते. हा कायदा नसता तर अशा कित्येक लहान रुग्णालयांना कुलूप लागलं असतं. मोठं काही निघालं की हॅझर्ड, तीसएक किलोमीटरवर. त्याहून मोठं तर लेक्सिंग्टन. दवाखान्याला जायला ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी लेस्लीसह चार काउंट्यांची एक सामुदायिक संस्था वाहनं चालवते. 2014 मध्ये केंटकीने मेडिकेड विस्तारलं आणि राज्यात विमा नसलेल्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास होतं ते पुढच्याच वर्षी आठच्या खाली आलं. लेस्लीसारख्या काउंटीला त्याचा आधार मोठा.

बाळंतपणाचं देशभरचं चित्र मात्र उलट दिशेला चाललं आहे. 2014 पर्यंत अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक ग्रामीण काउंट्यांत रुग्णालयात बाळंतपणाची सोयच उरली नव्हती. बाळंतपणं कमी, डॉक्टर मिळत नाहीत, चोवीस तासांचा खर्च भरून निघत नाही, म्हणून विभाग बंद. हा युक्तिवाद 1925 मध्येही करता आला असता. तेव्हा लेस्लीत विभाग नव्हताच. बाई असेल तिथे नर्स जायची, म्हणून बंद करायला काही नव्हतं.

1994 पासून हॅझर्डमधून 'केंटकी होमप्लेस' हा राज्य विद्यापीठाचा उपक्रम पूर्व केंटकीच्या काउंट्यांत चालतो. तिथल्याच माणसांना शिकवून आरोग्य-कार्यकर्ते केलं जातं. मधुमेहाचं औषध परवडत नसेल तर कंपनीच्या मदत-योजनेचा अर्ज भरून द्यायचा, चष्मा मिळवून द्यायचा, तपासणीची तारीख घ्यायची. त्यांच्या गाडीत बाळंतपणाच्या पिशव्या नसतात. पण या कार्यकर्त्यांना शिकवताना बाहेरून कोणी आणावं लागलं नाही. कुठल्या ओढ्याच्या टोकाला कोण राहतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.